भूकंपविद्येची वाटखर्ची

मुंबईहून पुण्याकडे किंवा कोकणाकडे निघालेल्या असंख्य प्रवाशांना पनवेलची ओळख, जेथे रस्ते फुटतात, गाडीचा वेग मंदावतो आणि क्षणभर उतरून चहा घेता येतो असे एक नाक्याचे गाव, एवढीच असते. परंतु भूशास्त्राच्या ग्रंथांतून या गावाचे नाव गेली पाऊणशे वर्षे एका महत्त्वाच्या भूरचनेला जोडलेले आहे, ही गोष्ट खुद्द पनवेलकरांपैकीही फार थोड्यांस ठाऊक असेल. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे जे थर जवळजवळ आडवे पसरलेले दिसतात, तेच सह्याद्रीची भिंत उतरून किनाऱ्याजवळ आले की समुद्राच्या दिशेने, पश्चिमेकडे, कललेले आढळतात. किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर गेलेल्या या वाकाला भूशास्त्रज्ञ ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातील डाइकांवर, म्हणजे जुन्या खडकांच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींवर, लिहिलेल्या निबंधात त्याची चर्चा केली. पुढे १९९८ मध्ये हेतू शेठ यांनी त्याचा नव्याने विचार करून, खोल जाताना वक्र होत जाणाऱ्या प्रस्तरभंगांशी त्याचा संबंध जोडला. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत आणि तेथून दक्षिणेस तुरळ-राजवाडीपर्यंत उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, जी माळ कोकणात लागते, तीही या भूमीच्या पोटातील भेगांचीच साक्ष देते.

थर कललेले आहेत एवढ्यावरून भूकंपाचे भाकीत करता येत नाही, आणि तसे ते कोणी करूही नये. भारतीय मानकाच्या ज्या नकाशावर आजवर येथील इमारतींची आकडेमोड होत आली, त्यात मुंबई आणि पनवेल तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, मोडतात. माझा प्रश्न भूमीपेक्षा तिच्यावर उभ्या राहणाऱ्या वस्तीचा आहे. ज्या पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, त्या पनवेलची २०१६ मध्ये महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सारी वसाहत एका हद्दीत आली. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आणि जेथे मिठागरे, भातखाचरे व खाडीचा मऊ चिखल होता, तेथे पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती ओळीने उभ्या राहिल्या. मऊ मातीवरील शहराचे काय होते, हे जगाने १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरात पाहिले आहे. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरांपलीकडे, प्रशांत महासागराच्या किनाऱ्याजवळ होते. तरीही शहराच्या ज्या भागाखाली जुन्या सरोवराचा चिकण गाळ होता त्या भागात कंप अनेक पटींनी वाढला, विशिष्ट उंचीच्या इमारती त्या संथ हेलकाव्यांशी एकताल झाल्या आणि हजारो माणसे गाडली गेली. कठीण खडकावरची वस्ती त्याच शहरात पुष्कळशी सुखरूप राहिली.

हे ज्ञान मेक्सिकोहून कामोठ्यापर्यंत कोणत्या वाटेने यावे? ग्रंथांतून येते, मानकांच्या कलमांतून येते, अलीकडे संगणकाच्या पडद्यावरूनही येते. परंतु ज्यांनी या विषयात आयुष्य घालवले आहे त्यांचा अनुभव विचाराल तर ते सांगतील, की पडलेल्या इमारतीपाशी स्वतः उभा राहिलेला अभियंता जेव्हा आपली चित्रे दाखवीत बोलतो आणि सभागृहातील दुसरा अभियंता उठून त्याला आडवा प्रश्न विचारतो, तेव्हा जे उमगते ते छापील पानावर उतरेपर्यंत पुष्कळसे गळून गेलेले असते. याच गरजेतून १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या पन्नासाव्या वर्षी, १९५६ मध्ये, बर्कली येथे पहिली जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषद भरली. त्यानंतर टोकियो-क्योटो, न्यूझीलंड, सँटियागो, रोम असा प्रवास करीत १९७७ च्या जानेवारीत ती नवी दिल्लीस आली. अलीकडची, अठरावी परिषद २०२४ च्या उन्हाळ्यात इटलीत मिलान येथे झाली. सामान्यतः चार वर्षांनी एकदा भरणाऱ्या या मेळ्याला जाण्यासाठी आपल्याकडील माणसाला पैसा कोठून मिळतो, कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे.

पनवेल परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने आपली फाइल माझ्यापुढे ठेवली. तिचा निबंध मिलानला स्वीकारला गेला होता. फाइलीत सर्वांत वर ते स्वीकृतिपत्र. त्याखाली निबंधाचा सारांश, जन्मतारखेचा दाखला, प्राचार्यांची शिफारस, संस्थेचा ना-हरकत दाखला, तीन प्रवासी कंपन्यांकडून आणलेले तिकिटाचे दरपत्रक, इतर कोणाकडून मदत घेतलेली नसल्याचे प्रतिज्ञापत्र. मग व्हिसासाठी बँकेचा सहा महिन्यांचा उतारा आणि प्रवासविम्याचा कागद. प्रत्येक पानावर संस्थेचा गोल शिक्का आणि आवक-जावक क्रमांक. अनुदानाचा अर्ज वेळेत गेला होता. परंतु मंजुरीचे पत्र येईपर्यंत सवलतीच्या नोंदणीशुल्काची मुदत टळून गेली, आणि अनुदान मिळाले तरी ते परत आल्यावर, विमानात चढतानाच्या पासाचे तुकडे व मूळ पावत्या जोडून हिशेब रुजू केल्यानंतरच हाती पडणार होते. मधल्या काळासाठी तिने संस्थेकडे तसलमात मागितली. तशी तरतूद नसल्याचा शेरा अर्जावर पडला. अखेर कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढून ती गेली. “निबंध वाचायला मला बाराच मिनिटे मिळाली,” ती म्हणाली, “पण दुसऱ्या दिवशी तुर्कस्तानातल्या इमारतींवर एक सत्र होते, तिथे मी चार तास जागेवरून हलले नाही. त्या सत्रातली चित्रे मी आता दरवर्षी मुलांना दाखवते.” तिचा रोख ज्या भूकंपावर होता तो ६ फेब्रुवारी २०२३ चा, तुर्कस्तान आणि सीरियात मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे त्यात दगावली.

या फाइलीतील अडचण कोणा एका कार्यालयाची नाही. ती योजनांच्या घडणीतच आहे. परदेशातील परिषदेत निबंध वाचणाऱ्या भारतीय संशोधकांसाठी केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, ज्याचे काम २०२३ च्या कायद्यानंतर अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेले, अनेक वर्षे प्रवाससाहाय्याची योजना चालवली. जवळच्या मार्गाचे साध्या वर्गाचे विमानभाडे, व्हिसाचा खर्च आणि तरुण संशोधकांसाठी नोंदणीशुल्क, असे तिचे स्थूल स्वरूप राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे प्रवास अनुदान महाविद्यालयीन शिक्षकांना मिळत असे, पण ते आयोगाच्या यादीवरील महाविद्यालयांतील कायम शिक्षकांना. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा मोठा वर्ग, जो नेमका पनवेल, कर्जत, खोपोली या पट्ट्यात वाढला, तो बहुतांशी त्या यादीबाहेर. या योजना चांगल्या आहेत आणि त्यांवर अनेकांची कारकीर्द उभी राहिली आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि त्या सर्वांचा पाया एकच आहे: ज्याच्याजवळ वाचायला निबंध आहे, त्याला पैसा. ज्याच्याजवळ निबंध नाही परंतु ज्याच्या सहीवर इमारत उभी राहते, असा महानगरपालिकेचा उपअभियंता किंवा परवानाधारक संरचना अभियंता या योजनांच्या दृष्टीस पडत नाही.

असा पैसा खर्च करून हाती काय येते, असे विचारणाऱ्यास महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास उत्तर देतो, आणि तो इतिहास कोयनेपासून सुरू होतो. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठू लागले, तसतसे कोयनेच्या खोऱ्यात लहान लहान धक्के जाणवू लागले. लोकांना जमिनीतून आवाज ऐकू येऊ लागले. पुण्याजवळ खडकवासल्यास असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधानशालेने तेथे भूकंपलेखक बसवले. १९६६ साली रुरकी विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीचा तिसरा परिसंवाद भरला, तेव्हा गुहा, गोसावी, पडळे आणि मारवाडी या चार संशोधकांचा शिवाजीसागर परिसरातील भूकवचाच्या हालचालींवरचा निबंध त्यात सादर झाला. पुण्याहून रुरकीस जाण्यायेण्याचा खर्च तो किती असणार! परंतु सरोवर आणि हे धक्के यांचा विचार देशातील भूकंपतज्ज्ञांच्या सभेत मांडला गेला, तो कोयनेचा मोठा भूकंप होण्याच्या आदल्या वर्षी. आपल्या वैज्ञानिक इतिहासातील या घटनेची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही, असे मला फार मनापासून वाटते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास, तो भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. मृतांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, परंतु जेथे त्याच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या उंचीवर काँक्रीटला आडव्या भेगा पडल्या. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या शेकडा पाच एवढेच आडवे बल धरलेले होते. धरणाच्या दालनात बसवलेल्या त्वरणलेखकाने मात्र धरणाच्या अक्षाच्या दिशेने शेकडा त्रेसष्ट आणि प्रवाहाच्या दिशेने शेकडा एकोणपन्नास अशी नोंद केली. ही नोंद म्हणजे महाराष्ट्राने जगाच्या भूकंपविद्येला दिलेले दान होय. रुरकीचे जय कृष्ण आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये तिचे विश्लेषण अमेरिकेतील भूकंपशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बर्कलीतील अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये धरणाच्या भेगांचे गणित मांडले. तेव्हापासून काँक्रीटच्या गुरुत्व धरणाचा भूकंपातील वर्तनक्रम अभ्यासणारा जगातील कोणताही विद्यार्थी कोयनेच्या नोंदीवर आपली रीत पारखून घेतो. धरणाच्या भेगाळलेल्या भागाला मागून आधारभिंतींचे पाठबळ दिले गेले, ते आजही आहे.

या सर्वांमागे जय कृष्ण यांची दूरदृष्टी होती. १९५९ साली त्यांच्या पुढाकाराने रुरकीस पहिला परिसंवाद भरला, १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीच्या संशोधन-प्रशिक्षणाचे स्वतंत्र विद्यालय निघाले, १९६२ मध्ये भारतीय भूकंप तंत्रविद्या संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी भूकंपरोधक रचनेसाठीच्या भारतीय मानक १८९३ ची पहिली आवृत्ती निघाली. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड हडसन रुरकीत येऊन राहिले, इकडची माणसे तिकडे गेली. या जाण्यायेण्यातूनच एका गरीब देशात हा विषय रुजला, आणि १९७७ मध्ये जय कृष्ण जागतिक भूकंप अभियांत्रिकी संघाचे अध्यक्ष झाले.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उगवली. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवच्या खेड्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीखाली गेली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, क्षेत्रात होता. आदल्या वर्षी तेथे लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती. मराठवाड्यातील माळवदाचे घर ज्याने पाहिले आहे त्याला या संहाराचे कारण समजावून सांगावे लागत नाही: खणांची लाकडी चौकट, तिच्याभोवती दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, जिचे आतले आणि बाहेरचे तोंड एकमेकांशी बांधलेलेच नाही, मध्ये माती व चिपा भरलेल्या, आणि डोक्यावर उन्हापावसापासून रक्षण करणारा मातीचा जाड थर. अनेक ठिकाणी लाकडी चौकट उभी राहिली आणि भिंती मात्र दोन्हीकडे फाकून पडल्या. आयआयटी मुंबईचे रवी सिन्हा यांनी स्वेत्लाना ब्र्झेव्ह आणि मार्जोरी ग्रीन यांच्याबरोबर या घराचे जे शास्त्रीय वर्णन जागतिक गृहकोशासाठी लिहिले, त्यामुळे पेरू किंवा इराणमधला अभियंताही आज आपल्या दगडी घरांशी मराठवाड्यातील घराची तुलना करू शकतो. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि ज्या गावांत जुनी घरे दुरुस्त झाली तेथे गवंड्यांनी भिंतींच्या आरपार जाणारे काँक्रीटचे दगड बसवायला शिकून घेतले. आनंद स्वरूप आर्यांसारखा रुरकीचा प्राध्यापक आणि औशाचा गवंडी यांना एका कामात आणणारी ती प्रचंड शाळाच होती. परंतु तिचे शुल्क आठ हजार जिवांनी आधीच भरले होते.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने शहरी अभियंत्याला धडा शिकवला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या अनेक मजली इमारती कोसळल्या, त्यांपैकी बहुतेकींचा तळमजला गाड्या लावण्यासाठी मोकळा, नुसत्या खांबांवर होता. वरच्या मजल्यांतील विटांच्या भिंती इमारतीला ताठ ठेवतात. तळाशी भिंती नसल्यामुळे सारी विकृती त्या खांबांवर येते. हे निदान नवे नव्हते. १९७१ साली कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाचा तळमजला असाच एका बाजूस सरकला होता, आणि तेथे ज्या खांबांना सर्पिल लोखंडाने घट्ट आवळले होते ते वाकूनही भार पेलत राहिले, तर साध्या रिंगांचे कोपऱ्यांतले खांब फुटून गेले होते. म्हणजे अहमदाबादच्या इमारतींवर विकृती कोठे येणार हे तीस वर्षांपासून ज्ञात होते. ते ज्ञान त्या इमारती बांधणाऱ्यांपर्यंत पोहोचले नव्हते. भूजनंतर २००२ मध्ये मानक १८९३ ची नवी आवृत्ती आली; पहिले क्षेत्र नकाशातून गेले, किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात आली, आणि मोकळ्या तळमजल्याचे खांब अडीचपट बलासाठी आखावेत असे कलम घातले गेले.

भूजनंतरची दुसरी गोष्ट या लेखाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. कानपूरच्या आयआयटीत सुधीर जैन यांच्या प्रयत्नांतून १९९९ मध्ये राष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्र सुरू झाले होते. २००३ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्यामार्फत भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशभरातील अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र आणि तंत्रनिकेतनांतील शिक्षकांना बोलावून, त्यांच्या प्रशिक्षणाचा भार सरकारने उचलून, हा विषय त्यांच्या हाती द्यावा, अशी त्यामागची कल्पना होती. निबंध लिहिणाऱ्यापेक्षा वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसावर पैसा खर्च करण्याचा तो निर्णय मला त्या दशकातील अत्यंत सुज्ञ निर्णयांपैकी एक वाटतो. २००७ मध्ये त्याची मुदत संपली.

नवीन पनवेलच्या एका बांधकामावर मी उभा होतो, तेव्हा सळया बांधणारा फिटर लोखंडी चावीने रिंगा वाकवीत होता. रिंगेची दोन्ही टोके तो काटकोनात वाकवी. काम चटकन होई. भूकंपरोधक काँक्रीट-बांधकामासाठीचे मानक १३९२० सांगते, की ही टोके १३५ अंशांत, म्हणजे खांबाच्या गाभ्याकडे आत वळलेली असली पाहिजेत, कारण भूकंपात वरचे काँक्रीट निखळले की काटकोनातील टोक उघडे पडते, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूस फुगून खांब फुटतो. मी विचारले तेव्हा त्याने हातातली रिंग पुढे धरून सांगितले, “साहेब, असा आकडा आत वळवायला वेळ लागतो. कुणी सांगितलं तर करतो.” साइटवरच्या तरुण अभियंत्याला हे कलम माहीत होते, ते पाळले नाही तर काय दिसते, हे त्याने कधी पाहिलेले नव्हते. फुटलेल्या खांबाचे ते दृश्य ज्याने एकदा, चित्रात का होईना, ते प्रत्यक्ष तपासून आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकत पाहिले आहे, तो अभियंता अशा रिंगेवरून पुढे जात नाही, एवढे मी अनेकांशी बोलून सांगू शकतो.

याच गावात, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागेस हलले, आणि १९७१ मध्ये या परंपरेतून स्वायत्त संस्था झाली. भूमीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारी इतकी जुनी परंपरा ज्या गावात नांदते, त्या गावातील घरांचे नकाशे मंजूर करणारा अभियंता आणि ते शास्त्रज्ञ वर्षातून एकदा तरी एका सभागृहात बसावेत, यासाठी विमानाच्या तिकिटाचीही गरज नाही.

जागतिक परिषदेला दर वेळी पनवेलमधून दोन माणसे जावीत, एक शिकवणारी आणि एक सही करणारी. खर्च महानगरपालिका, सिडको आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना यांनी वाटून घ्यावा. रक्कम आधी तसलमात म्हणून मिळावी. आणि परत आलेल्या माणसाकडून उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर शहरातील अभियंत्यांसमोर, फिटर आणि गवंड्यांच्या मुकादमांसमोरही, मराठीत दोन जाहीर व्याख्याने घेतली जावीत. जागतिक परिषद दूर वाटत असेल तर रुरकीचा परिसंवाद अजूनही दर चार वर्षांनी भरतो, आणि पनवेल स्थानकावर थांबणारी मंगला एक्स्प्रेस दिल्लीपर्यंत नेते. तेथून रुरकी काही तासांच्या अंतरावर आहे. उपअभियंत्याच्या त्या प्रवासासाठी नवी योजना लागत नाही, प्रशिक्षणाच्या लेखाशीर्षाखाली एक छोटी तरतूद लागते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा महानगरपालिकेच्या पुढील अर्थसंकल्पासाठी विभागांकडून मागण्या मागवण्याचे दिवस जवळ आलेले असतील, आणि नगररचना विभागाने आपला अर्ज त्याआधी दप्तरी दाखल केलेला असला पाहिजे.